खाऱ्या बांगड्याखालची परीक्षा

जैनुद्दीन होडेकर कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. आधी दारातल्या बोर्डावरचं एखादं बटण खाली-वर करून बघत, कान तिरपा करून त्याचा आवाज ऐकत आणि मगच खुर्ची ओढत. बटण चांगलं निघालं तर ते काही बोलत नसत. वाईट निघालं तर चहा येण्याआधी घरातल्या सगळ्यांना ते कळलेलं असे. भाचीच्या लग्नाची बोलणी करायला मंडळी संगमेश्वरला गेली होती, तेव्हा बाकीचे वडीलधारे तारखेवर बोलत होते आणि जैनुभाय पंख्याच्या रेग्युलेटरशी उभे होते. "ह्याच्यात आत ठिणगी पडते," ते भर बोलण्यात म्हणाले. त्यांच्या पत्नी नसीमाबींनी ओढणी तोंडाला लावली. पण मुलाचा बाप उठून बघायला आला आणि रेग्युलेटर खरंच गरम लागला. त्या घरात आजही जैनुभायांना फार मान आहे.

त्यांच्या राजिवडा मोहल्ल्यातले पुष्कळ लोक आखातात गेले. कुणी क्रेन चालवली, कुणी हॉटेलात राबलं. जैनुभाय बहारीनला एका मोठ्या खेळघरात मेकॅनिक होते. कपाटाएवढी उभी व्हिडिओ गेमची मशीनं, समोर पडदा, खाली एक दांडा आणि बटणांच्या दोन ओळी. अशी साठ मशीनं त्यांच्या ताब्यात होती. ती सव्वीस वर्षं त्यांनी चालती ठेवली. पण स्वतः मात्र एकही खेळ शेवटपर्यंत खेळले नाहीत. पडद्यावर विमान पडतंय की राक्षस मरतोय इकडे त्यांचं लक्षच नसे. बोटाखाली बटण कसं दबतं आणि कसं वर येतं, तेवढंच त्यांना कळायचं.

दुःख एकच होतं. सामान मालक पाठवायचा आणि तो सगळ्यात हलकं पाठवायचा. महिन्याभरात बटण अडकायचं, पोर मशीनला लाथ मारायचं आणि मेकॅनिकला शिवी द्यायचं. जैनुभायांना सात भाषांतल्या शिव्या समजत. त्यातल्या सहा भाषा त्यांना येत नसत. परत आले तेव्हा त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. एक तरी मशीन असं बनवायचं की ज्याचा प्रत्येक भाग आपण पारखून घेतलेला असेल आणि ज्याच्या पायी कुणी आपल्याला शिवी देणार नाही.

ती संधी मुलाने आणून दिली. जिब्रानने समुद्राकाठी, मांडवीच्या रस्त्याला आइस्क्रीम नि सरबताचं दुकान घ्यायचं ठरवलं आणि कोपऱ्यात एक गेमचं मशीन हवं म्हणाला. जैनुभाय त्या रात्री जेवताना एकदाही मिठाबद्दल बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते सुताराकडे गेले. पंधरा दिवसांत फणसाच्या लाकडाचं पिवळंधमक कपाट तयार झालं. दांड्यासाठी एक आणि बटणांसाठी आठ भोकं पाडून ते पडवीत येऊन उभं राहिलं. आणि मग चार महिने तिथेच उभं राहिलं, कारण त्या भोकांत काय बसवायचं ते ठरेना.

बटणं तीन जातींची होती. एक चिनी, दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून आलेली. जैनुभाय तिला 'दिल्ली' म्हणत. दुसरी तैवानची, तिसरी जपानची. दिसायला तिन्ही सारखीच, बिस्किटाएवढी, गोल, रंगीत. बटणाच्या पोटात एक छोटा स्विच असतो. बटण दाबलं की तो टक्क वाजतो आणि पडद्यावरचा माणूस उडी मारतो. सगळी भिस्त त्या टक्कवर.

आधी त्यांनी बटण किती वजनाने दबतं ते बघितलं. बटणावर रिकामी डबी ठेवायची, तिच्यात मसूर सोडत जायची आणि टक्क झालं की ती मसूर तोलायची. जपानी बटण दहाही वेळा तेवढ्याच मसुरीला दबलं. तैवानचं जरा जड, पण बोलल्या शब्दाला पक्कं. दिल्लीचं बटण एकदा मूठभर मसुरीला दबलं आणि एकदा वाटीभर घेऊनही हललं नाही.

"जिब्रानचे बावा," नसीमाबी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ती मसूर आमटीला हवी हाय. ती पास झाली असली तर द्या."

"दोन मिनिटं गो."

"दोन मिनिटं म्हणून काल पण घेतलात. काल आम्ही अंडी खाल्ली."

मग टिकाऊपणा. त्यासाठी त्यांची नजर नसीमाबींच्या शिलाई मशीनवर गेली. मशीनला मोटार होती. सुई काढून त्यांनी तिच्या जागी रबराचं बोट बसवलं आणि खाली बटण बांधलं. एका जुन्या कॅल्क्युलेटरला दोन वायरी अशा जोडल्या, की दर दाबाला आकडा एकाने वाढावा. दिवसभर घरात टकटक टकटक सुरू. शेजारच्या बाया विचारू लागल्या, नसीमाआपा, एवढं काय शिवताव? नसीमाबींच्या बहिणीचा ब्लाउज एका बाहीवर अडकून राहिला होता. बहीण फोन करी तेव्हा नसीमाबी फोन मशीनजवळ धरत आणि म्हणत, "ऐक. तुझ्या ब्लाउजच्या जागी हे चाललंय."

दिल्लीचं बटण चाळीस हजारांना आत गेलं ते वर आलंच नाही. बाकीची दोन पाच लाखांपर्यंत गेली. जैनुभायांनी वहीत तसं लिहिलं आणि दिल्लीसमोर 'चिकट' असा शेरा मारला.

ह्या सगळ्या पारखणीत त्यांचा सल्लागार एकच होता, भास्कर बेहेरे. भास्कररावांची गोळपला हापूसची बाग. आंबा हातात घेऊन, देठाशी नाक नेऊन, आत साका धरलाय की नाही, म्हणजे गर आतून बिघडलाय का, हे न कापता सांगणारा माणूस. व्यापारीसुद्धा त्यांच्या नाकाला वचकून असत. दोघांची दोस्ती शाळेपासूनची. भास्करराव संध्याकाळी यायचे, पडवीत बसायचे आणि बटणांच्या परीक्षेचा निकाल ऐकायचे.

"पण जैनुभाय," एकदा ते म्हणाले, "तुम्ही ही परीक्षा घेताय घरात. मशीन राहणार मांडवीला. खारं वारं तिथे सरळ तोंडावर येतं. आमच्या मेव्हण्याचा फ्रिज दोन वर्षांत खालून चाळणीसारखा झाला."

असा प्रश्न आपल्याला सुचू नये ह्याचं जैनुभायांना मनापासून वाईट वाटलं. ते उठून गच्चीवर गेले. गच्चीवर बांबूच्या आडव्या काठीवर नसीमाबींनी खारवलेले बांगडे वाळत टाकले होते. वरून जाळी, भोवती खाडीचं वारं आणि बांगड्यांतून मिठाचं पाणी थेंब थेंब गळत होतं. जैनुभाय त्या थेंबांकडे बराच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून बांगड्यांच्या बरोबर खाली तीन बटणं दोरीला लटकू लागली.

"हे काय?" नसीमाबींनी विचारलं.

"जो खाऱ्या बांगड्याखाली टिकला, तो मांडवीला टिकेल."

"माझ्या बांगड्यांना गंज चढला तर?"

"बांगडा गंजत नाय गो."

"तुमचा काय भरवसा? तुम्ही त्याची पण परीक्षा घ्याल."

एकवीस दिवसांनी दिल्लीच्या स्विचवर हिरवं चढलं होतं. तैवानची स्प्रिंग तपकिरी झाली होती. जपानी बटण आतून तसंच लखलखीत होतं. निकाल लागला. जिब्रानने त्याच दिवशी जपानी दांडा आणि आणखी सात बटणं मागवली. पाकीट आलं. जैनुभायांनी ते फोडलं, सगळा माल नीट दोरीत ओवला आणि ते गच्चीकडे निघाले.

"बावा, कुठे?"

"बांगड्याखाली."

"अहो, जपानी पास झालं ना!"

"ते एक पास झालं. ह्यांनी कुठे परीक्षा दिली? थोरल्याचा नंबर आला म्हणून धाकट्यांना वरच्या वर्गात घालतात काय?"

जिब्रान तसा शांत मुलगा. पण त्या दिवशी त्याने हात जोडले. "बावा, चौदा तारखेला जुमा हाय. नमाजीनंतर दुकान उघडायचंय. त्या दिवशी मशीन उभं नाय राहिलं, तर मी मुंबईहून तयार मशीन आणणार. मग हे कपाट अम्मीला कपडे ठेवायला."

"मला कपाट चालेल," नसीमाबी म्हणाल्या. "फणसाचं हाय. वाळवी लागत नाय."

तयार मशीन. म्हणजे परत दुसऱ्याने निवडलेली बटणं. जैनुभायांनी वहीत दिवस मोजले. एकवीस पुरे होत होते, बारा तारखेला.

बारा तारखेला माल उतरवला. आठच्या आठ पास, दांडाही पास. जैनुभायांनी प्रत्येक बटण कोरड्या फडक्याने पुसलं आणि भोकांत बसवलं, वायरी जोडल्या आणि पहिल्यांदा पडदा चालू केला. आठ बटणं, आठ टक्क. एकसारखे. नसीमाबी हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनीही दोन-चार दाबून बघितली. "बरी हायत हो," त्या म्हणाल्या. चार महिन्यांत त्यांनी केलेली ही पहिली तारीफ. भास्करराव तेवढे हे बघायला नव्हते. ते आठवड्याभरासाठी वेळणेश्वरला कुलदैवताच्या दर्शनाला गेले होते.

आता जी गोष्ट कुणाच्याही लक्षात आली नाही, ती ह्याच घरात लक्षात येणं अवघड होतं. ज्या घराच्या गच्चीवर दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत बांगडे वाळतात, त्या घरातल्या माणसांना बांगड्याचा वास म्हणजे हवाच. सुतार तिथलाच, टेंपोवाला मिरकरवाड्याचा, तो तर मासे सोडून कधी काही वाहायचाच नाही. गुरुवारी मशीन मांडवीला पोचलं आणि वाटेत कुणाच्याही कपाळाला आठी पडली नाही.

शुक्रवारी नमाज झाली, मौलवीसाहेबांनी दुवा केली आणि दुकान उघडलं. दुपारपासून गर्दी. मशीनभोवती तर रांग लागली. चार-चार हात एका वेळी बटणं बडवत होते आणि बटणं दर वेळी टक्क करून वर येत होती. जैनुभाय भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. कुणी शिवी दिली नाही. कुणी लाथ मारली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण मधूनच त्यांचा उजवा अंगठा आपोआप हलत होता.

तासाभराने पहिलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन गल्ल्यापाशी आलं. कोल्हापूरचं कुटुंब होतं. गृहस्थांच्या हातात आंब्याचं आइस्क्रीम.

"ह्याला माशाचा वास येतोय की वो."

"माशाचा?" जिब्रान म्हणाला. "नाय हो दादा. आंबा हाय."

"आंबा हाय ते दिसतंय. वास माशाचा हाय."

जिब्रानने डबा उघडून वास घेतला. आंबा. मग पिस्त्याचा घेतला, मग सीताफळाचा. तोवर दुसऱ्या बाई आल्या, त्यांच्या फालुद्याला वास. कॉलेजातल्या दोन मुलींनी तर कोन तसेच टेबलावर ठेवले आणि एकमेकींची बोटं हुंगायला लागल्या. जिब्रानने सगळे चमचे पुन्हा धुवायला टाकले. तो घाबरला होता. पहिल्याच दिवशी आइस्क्रीमच्या दुकानाला माशाचा वास म्हणजे गावात वर्षभर दुसरी गोष्ट नाही.

तेवढ्यात रस्त्यावरचा एक पिवळा बोका आत आला. त्याने आइस्क्रीमकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो सरळ मशीनवर चढला, आठ बटणांचा वास ओळीने घेतला आणि लाल बटणापाशी बसून ते चाटू लागला. पडद्यावरचं विमान दर चाटण्याला एक गोळी झाडत होतं.

"बघा, किती हलकं दबतं," जैनुभाय कौतुकाने म्हणाले.

ह्याच वेळी भास्करराव दुकानात शिरले. वेळणेश्वरची एसटी उतरून थेट आले होते, हातात प्रसादाचा पुडा. दारातच ते थांबले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. आइस्क्रीमच्या डब्यांना वळसा घालून ते मशीनपाशी आले, बोक्याला अदबीने बाजूला केलं आणि लाल बटणावर वाकले. मग त्यांनी जैनुभायांचा दंड धरून त्यांना कोपऱ्यात नेलं.

"जैनुभाय, रागावू नका."

"काय झालं?"

"आइस्क्रीम चांगलं आहे. वास बटणांना आहे, तिथून सगळ्यांच्या हातांना लागतोय. खारवलेला बांगडा. तीन आठवड्यांचा असावा."

जैनुभायांनी आपली बोटं नाकाशी नेली. काही कळलं नाही. मग त्यांनी शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या नसीमाबींची बोटं हुंगली, मग जिब्रानची. त्यांच्या लेखी ह्या जगात कशालाच वास येत नव्हता. पण भास्कररावांचं नाक खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते स्टुलावर बसले.

जिब्रानने गल्ल्याखालचा खण ओढला. आत एक पाकीट होतं. न फोडलेलं, दिल्लीचं.

"हे कधी आणलंस?" जैनुभायांनी विचारलं.

"वेळ पडली तर म्हणून. बावा, अर्ध्या तासात बदलून टाका. आजचा दिवस तरी निभेल."

जैनुभायांनी पाकीट उजेडात धरलं. लाल, निळी, पिवळी बटणं. चाळीस हजारांना आत जाणारी. उद्या नाहीतर परवा कुणीतरी मशीनला लाथ घालणार, आणि शिवी ह्या वेळी मराठीत येणार. पण मुलाचं दुकान होतं. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि ते उठले.

"बसा खाली," नसीमाबी म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"चार महिने माझी मसूर ह्यांच्या डबीत. माझ्या बहिणीचा ब्लाउज एका बाहीचा. माझे बांगडे पाव्हण्यांसारखे सांभाळले, का तर खाली परीक्षा चाललीय. आणि आता ती दिल्लीवाली बसवणार? नाय. जिब्रान, आगळ किती हाय?"

"कोकमचं? दोन कॅन. अम्मी, ते सरबताला—"

"आण. लिंबं पण आण. बांगडे साफ केल्यावर मी हात कशाने धुते? अत्तराने?"

"अगो, आंबटाने स्विच जाईल!" जैनुभाय ओरडले.

"स्विच कशाला घालताव? वरची टोपी काढा. मेकॅनिक तुम्ही की मी?"

जैनुभायांचे हात भराभरा चालू लागले. जिब्रानने गिऱ्हाइकांना 'मशीनची थोडी सर्व्हिसिंग' असं सांगून सगळ्यांना कोकम सरबत फुकट दिलं. आत मोरीपाशी आठ ग्लासांत कोकमाचं आगळ ओतून आठ टोप्या बुडवल्या. स्विच आणि दांड्याची बैठक कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्याला ठेवली. दांड्याचा गोळा नसीमाबी लिंबाच्या फोडीने अशा चोळत होत्या, की त्याचा रंग टिकतो की नाही ही नवीनच परीक्षा सुरू झाली. भास्करराव खुर्ची टाकून बसले. प्रत्येक टोपी धुऊन त्यांच्यासमोर येई. ते ती दोन बोटांत धरत, नाकाशी नेत, डोळे मिटत.

"ही पास."

"ही निळी?"

"परत."

"आता?"

"अजून आहे, पण अगदी देठाशी. पुन्हा एकदा द्या."

पाऊण तासात सात टोप्या आणि दांड्याचा गोळा पास झाला. लाल टोपी तीनदा आगळात गेली, दोनदा लिंबाखाली गेली आणि दर वेळी भास्कररावांनी नकारार्थी मान हलवली. ती सगळ्यात जाड्या बांगड्याखाली लटकलेली होती.

"हिला आतपर्यंत धरलंय," ते हळूच म्हणाले. "साका म्हणा ना."

सात भोकं भरली. आठवं उघडं राहिलं. बाहेर पोरं हाका मारत होती. जैनुभाय स्वतःच उठले, खणातून दिल्लीचं पाकीट काढलं आणि दातांनी फोडलं. लाल बटण घेतलं; त्याची नुसती टोपी जपानी बटणाला बसली नसती. पण ते गोळी झाडायच्या जागी त्यांनी बसवलं नाही. तिथे निळं आणलं आणि दिल्लीचं बटण सगळ्यात कडेला, खेळ सुरू करायच्या भोकात बसवलं. ते एका खेळात एकदाच दाबायचं असतं.

"चाळीस हजार खेळ होईपर्यंत चालेल," ते जिब्रानला म्हणाले. "तोवर मी दुसरं पास करून ठेवतो."

मशीन पुन्हा सुरू झालं. कोल्हापूरच्या गृहस्थांनी सरबताचा तिसरा ग्लास संपवला आणि आंब्याचं नवीन आइस्क्रीम घेतलं. ह्या वेळी ते काही बोलले नाहीत. बोका बराच वेळ दारात बसला आणि मग निराश होऊन निघून गेला.

ह्या गोष्टीला आता सात महिने झाले. मशीन चालू आहे, त्याच्या पायी अजून कुणी जैनुभायांना शिवी दिलेली नाही. गच्चीवर बांगड्यांच्या जागेपासून वीस हात लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला एक नवीन दोरी बांधली आहे. तिच्यावर टांगलं होतं ते नवीन जपानी लाल बटण केव्हाच पास झालंय आणि डबीत पडून आहे. पण ते बसवायला दिल्लीचं बटण आधी बिघडायला हवं. चालता भाग काढणं जैनुभायांच्या धर्मात बसत नाही.

ते रोज असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजीनंतर दुकानात येतात. कुणी खेळत नसेल तेव्हा मशीनपाशी जातात आणि कडेचं लाल बटण दाबतात. टक्क. पुन्हा दाबतात. टक्क. मग वाकून, कान लावून, जरा कोपऱ्यातून दाबून बघतात. गल्ल्यावर बसलेल्या नसीमाबी मान वर न करता विचारतात, "गेलं काय?"

"नाय अजून," जैनुभाय म्हणतात. त्यांचा चेहरा असा होतो, जसा नापास व्हायलाच हवं होतं असं पोर पहिल्या वर्गात पास झाल्यावर मास्तरांचा व्हावा.